तात्यांच्या पिकअपची सीट

मंगळवार पेठ, कोल्हापूर
६ जुलै २०२५

ति. आक्का,

नमस्कार. अठ्ठेचाळीस वर्षांत हे माझं तुला पहिलं पत्र. तात्या गेले तेव्हा तार केली होती, ती मी धरत नाही. पत्र बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगतो, इकडं कुणी गेलेलं नाही. संयोगिता बरी आहे आणि माझी साखरही ताब्यात आहे.

फोन केला नाही, कारण तुझा नंबर माझ्याकडं नाही. असता तरी केला नसता. फोनवर बोललेलं दुसऱ्या दिवशी फिरवता येतं. जकात नाक्यावर मी तीस वर्षं काढली, तोंडी सांगितलेल्या मालावर कधी विश्वास ठेवला नाही. या पत्राची कार्बन प्रत माझ्याजवळ आहे हे तुझ्या माहितीसाठी.

आता मुद्दा. तात्यांची दुधाची पिकअप मी चालू करतोय. तीच, छपन्न सालची. दसऱ्याला पेठेतली मंडळी जुन्या गाड्यांची फेरी काढणार आहेत, त्यात तात्यांची गाडी पुढं असावी अशी माझी इच्छा आहे. इंजिन बोलायला लागलं, रंग झाला, टायर मिळाले. अडलंय ते सीटवर. तीन माणसं शेजारी शेजारी बसतील अशी ती लांब अखंड सीट तुला आठवत असेल. असणारच.

तिच्या जागी अजून तात्यांची फळी आहे. तिच्यावर पोतं टाकून त्यांनी अकरा वर्षं गाडी चालवली. गगनबावड्यापासून कोल्हापूरपर्यंतचा प्रत्येक खड्डा त्यांच्या कमरेनं मोजला. ती फळी बघितली की माझं डोकं आजही तापतं. कुणावर, ते लिहीत नाही.

एक ॲम्बेसिडरची मागची सीट बघून ठेवली आहे. पण कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ज्याच्या शेडमध्ये गाडीचं काम चाललंय तो आण्णा मिस्त्री म्हणतो, "पावणं, मूळ सीटचं माप आणा की. न्हाईतर मी काय हवेला वेल्डिंग मारू?" मूळ माप जगात एकाच ठिकाणी मिळेल अशी माझी समजूत आहे. ती सीट कुठं आहे आणि कुणाकडं आहे हे तुला ठाऊक असेल तर कळव. ठाऊक नसेल तर तसं लेखी कळव.

तुझा भाऊ,
विजयसिंह


गगनबावडा
१८ जुलै

चि. विजू,

आशीर्वाद. थोडे शिल्लक होते, ते पाठवते.

तुझं पत्र पोस्टमननं भिजवून आणलं. इथं आठ दिवस सूर्य नाही आणि चार दिवस लाईट नाही. चुलीपुढं धरून वाळवलं, मग वाचलं, मग डब्यात घातलं. तू कार्बन ठेवतोस ना, मग मी अस्सल ठेवते.

सीटबिट मला काही माहीत नाही. आता तू खरं बोल. गाडीला सीट पाहिजे म्हणून कुणाला अठ्ठेचाळीस वर्षांनी बहीण आठवते होय रे? माझ्या जावेच्या भावानं असंच केलं. आधी आंब्याची पेटी आली. मग पंचमीला साडी आली. तिसऱ्या खेपेला हक्कसोडाचा कागद आला आणि पेन पण त्यानंच आणलं होतं. तुला शेतावर माझी सही पाहिजे असेल तर तोंड उघडून माग. सीटच्या आडून येऊ नको.

आणि ॲम्बेसिडरची सीट घालू नको. ती मऊ. माणूस आत रुतून बसतो आणि घाटात डुलक्या काढतो. पिकअपची सीट ताठ पाहिजे. बैठक तळापासून सव्वा फूट, जास्त नाही. पुढची कड दोन बोटं उचललेली, नाहीतर ब्रेक मारला की माणूस पुढं घसरतो. लांबी साडेचार फुटाला एक बोट कमी. पाठ किंचित मागं कललेली. आत काथ्या भरायचा, फोम नाही. इथल्या हवेत फोम पाणी पितो, मग वर्षभर कुबट वास येतो.

यांची तब्येत तू विचारली नाहीस. मीही सांगत नाही.

तुझी आक्का,
अंबू


मंगळवार पेठ
२६ जुलै

ति. आक्का,

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. संयोगितानंही वाचलं आणि एवढंच म्हणाली, "दोघं एकाच आईची हायसा, पावती नको." तिचं सोडून दे.

तू लिहितेस, सीट माहीत नाही. पुढच्याच परिच्छेदात तिची लांबी बोटाच्या हिशोबात देतेस. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी ज्या सीटवर बसलीस तिची पुढची कड किती बोटं उचललेली होती हे लक्षात राहत नाही, आक्का. ते टेप लावल्यावर कळतं, नाहीतर रोज बसल्यावर. आणि सीट बसवायचीय कोल्हापुरात. बावड्याच्या हवेत फोमचं काय होतं याच्याशी माझा काय संबंध? नाक्यावर असेच धरायचो मी. ड्रायव्हर शपथेवर सांगायचा, आत नुसता भुसा आहे, आणि मग स्वतःच म्हणायचा, जरा हळू साहेब, फुटेल.

म्हणजे सीट तुझ्याकडं आहे. मला संशय होता, आता खात्री झाली.

काय झालं होतं ते मीही एकदा लेखी घालून ठेवतो. वैशाखात तू आमच्या ड्रायव्हरबरोबर, गुंडूबरोबर, कोर्टात लग्न केलंस. तात्यांनी गावासमोर शपथ घेतली की लेकीला चिंधीसुद्धा देणार नाही. पुढं श्रावणात, पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेड उघडली तर गाडीत सीट नव्हती, फळी होती. त्याच आठवड्यात गुंडू स्टँडवर हिंडताना दिसला होता. मी एकोणीस वर्षांचा होतो, पण आंधळा नव्हतो. भर गल्लीत ओरडलो, ड्रायव्हरनं पोरगी नेली ती नेली, आता सीटपण नेली. तात्या तिथंच उभे होते. एका शब्दानं नाही म्हणाले नाहीत. बापानं नाही म्हटलं नाही तिथं अजून काय पुरावा पाहिजे?

तुझ्या सहीची मला गरज नाही. ॲम्बेसिडरचा विचार सोडला आहे. भंगारवाल्याकडं एका जुन्या मेटॅडोरची मधली सीट मिळाली. मी गेलो तेव्हा तो तिच्यावर फतकल मारून बसला होता आणि चहा घ्या, चहा घ्या करत होता. मी त्याला उठवलं. बरोबर तो बसला होता तिथंच फाटलेली होती.

विजयसिंह


गगनबावडा
१० ऑगस्ट

चि. विजू,

हो. सीट माझ्या घरात आहे. पडवीत, भिंतीला लावून. तुझं पत्र मी तिच्यावर बसूनच वाचलं. झालं समाधान?

पण ती चोरीची नाही. यांनी तिला हात लावून आणलेली नाही. ती मला दिलेली आहे. देणाऱ्यानं कुणाला सांगू नको म्हणून माझ्याकडून शब्द घेतला, तो मी आजवर मोडला नाही आणि तुझ्या कार्बनसाठी मोडणार नाही.

आता यांचं ऐक. यांना दोन वर्षं झाली, छातीत पाणी होतं. दहा पावलं चालले की दम लागतो. या माणसानं तरुणपणापासून चोर म्हणवून घेतलंय. तुझी आरोळी दुधाच्या गाड्यांबरोबर सगळ्या रस्त्यानं पसरली. कुणी यांना ड्रायव्हर म्हणून ठेवलं नाही, म्हणून हे दुसऱ्याच्या रानात राबले. तात्या गेले तेव्हा पहिल्या यष्टीनं आले होते. तू दारात हात आडवा घातलास. म्हणालास, चोराचा खांदा लागायचा नाही. हे तसेच परत आले, आंघोळ केली आणि दोन दिवस जेवले नाहीत.

परवा मला म्हणाले, "अंबू, मला आता काय नगं. तुझ्या भावानं एकदा म्हणावं, गुंडू चोर न्हाय. चार माणसांत म्हणावं. मग मी जायला मोकळा." अठ्ठेचाळीस वर्षांत या माणसानं तुझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. तेवढं कर. मी पदर पसरते.

सीट मात्र मिळणार नाही. लेकीला दिलेलं माहेर परत मागत नसतं.

अंबू


मंगळवार पेठ
२० ऑगस्ट

ति. आक्का,

देणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, साक्षीदार नाही. शब्द आहे, पण तो कुणाला दिला ते सांगायचं नाही. उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, ही म्हैस मला दिलेली आहे, कुणी ते विचारू नका. कर नाही त्याला डर कशाला?

आजारपणाचं वाईट वाटलं. पण खरं लिहितो, नाक्यावर ज्या ज्या ट्रकमध्ये लपवलेला माल असायचा त्या प्रत्येक ट्रकमध्ये एक आजारी माणूसही असायचा. त्याला लवकर पोचवायचं असायचं. सवय झाली आहे मला, काय करू? सीट तुझ्याकडं सापडली त्याच पत्रात गुंडूचा दम निघाला. मी चार माणसांत तो चोर नाही म्हणालो की सीट कायमची तुमची, हेही मला दिसतं.

देणाऱ्याचं नाव लिहून पाठव. मग विचार करतो.

मेटॅडोरच्या सीटनं घाम काढला आहे. फळीवरच ठेवून बघितली तर फ्रेम चार बोटं उंच निघाली. बसलो की स्टिअरिंग मांडीत घुसतं. आण्णानं तिचे पाय कापले. मग गिअरची दांडी कडेला अडायला लागली, दुसरा गिअर पडेना. मग कड कापून आत घेतली. एका बाजूला वीत कमी पडते म्हणून तिथं जोड दिला. आत काथ्या घातला आहे. याचा तुझ्या सल्ल्याशी काही संबंध नाही.

विजयसिंह


गगनबावडा
३१ ऑगस्ट

विजू,

यांना आठ दिवस दवाखान्यात ठेवलं होतं, काल घरी आणलं. दाखला पाहिजे असेल तर त्याची पण झेरॉक्स पाठवते.

नाव विचारतोस. ज्याच्या फोटोला तू रोज सकाळी हार घालतोस त्याला विचार. माझ्याकडून एवढंच. आता पत्र घालू नको.

अंबू


मंगळवार पेठ
१४ सप्टेंबर

ति. आक्का,

पत्र घालू नको म्हणालीस तरी घालतोय. पूर्ण वाच.

तुझं मागचं पत्र वाचून मी अंगणात इतका ओरडलो की शेजारचे आले. मेलेल्या बापाच्या नावावर चोरी खपवते म्हणालो. ते शब्द मी इथंच लिहून ठेवतो, लपवत नाही.

मंगळवारी आण्णाच्या शेडवर गेलो. मेटॅडोरची सीट तयार होती, फक्त तळाच्या चार भोकांवर तिचे पाय बसत नव्हते. आण्णा म्हणाला, "आता ही फळी उचलायचीच. तिच्यावरनं भोकांचं माप घेतो." ती फळी मी कधी काढू दिली नव्हती. तात्यांची म्हणून पहिल्या दिवसापासून आण्णाला हात लावू दिला नव्हता. मला वाटत होतं बोल्ट गंजून गेले असतील, तोडावे लागतील. पान्हा लावला आणि ते लोण्यातून निघाल्यासारखे निघाले. प्रत्येकाला ग्रीस, प्रत्येकाखाली वायसर. आण्णा म्हणाला, "ज्यानं सीट खोलली त्यानं लई शिस्तीत खोललीया, पावणं. चोर काय ग्रीस लावत बसतोय व्हय?"

मी म्हणालो, ग्रीस नंतर तात्यांनी लावलं असेल. मी असाच आहे.

मग त्यानं फळी उलटी केली.

खालच्या अंगाला जांभळ्या पेन्सिलीनं सीटच्या फ्रेमची पूर्ण रेघ ओढलेली आहे. आपण पाटीवर हात ठेवून त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवायचो तशी. चारी पाय, मधली पट्टी, उजवीकडचा तो वाकलेला कोपरा, सगळं. भोकांच्या खुणा त्यावरूनच केल्यात. कडेला तात्यांचं अक्षर, 'डावी', 'उजवी', आणि त्यांच्या सवयीप्रमाणं तारीख. १७-८-७७.

मी आधी काय केलं असेल? घरी जाऊन तात्यांची दुधाची वही काढली आणि अक्षर ताडून बघितलं. सातचा आकडा, 'व'ची गाठ, सगळं जुळलं. मग गुरुजींकडं जाऊन त्या सालचं पंचांग उघडायला लावलं. पंचमी १९ तारखेला होती. म्हणजे सीट गेली त्याच्या दोन दिवस आधी तात्यांनी ती या फळीवर ठेवून माप घेतलं होतं. चोरी व्हायच्या दोन दिवस आधी चोरीची भरपाई कुणी करून ठेवत नाही, आक्का.

सीट तात्यांनीच काढली. त्यांनीच दिली. आणि मी गल्लीत ओरडत होतो तेव्हा ते गप्प उभे राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर गावासमोर घेतलेली शपथ मोडली असती. स्वतःची शपथ राखायला त्यांनी दुसऱ्याचं नाव घालवू दिलं. मी जन्मभर त्यांच्या गप्प राहण्याला पुरावा समजत आलो. पंधरा दिवसांपूर्वी तू मला सांगितलं होतंस, तरी मी फळीवर विश्वास ठेवला, बहिणीवर नाही. मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

नाव मला आता नको. मला फक्त सांग, देताना ते काय म्हणाले?

विजू


गगनबावडा
२३ सप्टेंबर

चि. विजू,

पत्र मिळालं. तात्यांनीच शब्द घेतला आणि त्यांच्याच हातचा पुरावा निघाला, तर आता सांगते.

माझी पहिली पंचमी. सगळ्या पोरी माहेरी गेल्या होत्या, मला कोण बोलावणार? हे आणि सासूबाई भाताच्या रोपलावणीला गेले होते. मला तिसरा महिना होता, म्हणून घरी ठेवलं होतं. मरणाचा पाऊस. दुपारी गाडीचा आवाज आला. मला वाटलं भास झाला. बाहेर बघते तर तात्या, डोक्यावर इरलं घेऊन उभे. आत आले. या घराची जमीन तेव्हा पावसाळाभर पाझरायची, पाय ठेवला की पाणी वर यायचं. बसायला पाटसुद्धा नव्हता. त्यांनी उभ्यानंच सगळं घर बघितलं. मग अंगणात जाऊन भर पावसात एकट्यानं सीट खोलली आणि ओढत पडवीत आणली. म्हणाले, "ओल्यात बसू नगंस. हे तुझं आंदण समज. मी शपथ घेतलीया, तवा कुणाच्या कानावर घालू नगंस. माझ्या गळ्याची आण." चहाही घेतला नाही.

मला आजवर वाटायचं, ओलं घर बघून त्यांना दया आली आणि त्यांनी हाताला लागलं ते काढून दिलं. भिकाऱ्याला देतात तसं. ते मला कायम सलत होतं, विजू. तुझ्या पत्रानं कळलं, ते दोन दिवस आधी घरीच ठरवून, माप घेऊन निघाले होते. मला आंदण द्यायचं म्हणूनच निघाले होते. हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. मी खूप रडले, आणि ते रडणं वाईट नव्हतं.

पण यांचं काय? तुझी आरोळी इथं पोचली त्या दिवशी मी यांना खरं सांगितलं. म्हणाले, "बापाचा शब्द हाय, पाळ. मला म्हणंनात का चोर." तेव्हा वाटलं होतं दोन महिन्यांत विसरतील लोक.

अंबू


मंगळवार पेठ
३ ऑक्टोबर

ति. आक्का,

खंडेनवमीला गाडीची पूजा केली. मेटॅडोरची सीट बसली आहे. गिअर चारही पडतात. काळं रेक्झिन घातलंय.

नारळ फोडायच्या आधी मी गल्लीला थांबवलं. त्यातले सहा-सात जण असे होते, ज्यांनी माझी ती आरोळी कानांनी ऐकली होती. बाकीच्यांनी ती गोष्ट माझ्याच तोंडून ऐकली होती, दरवर्षी, याच पूजेला. मी फळी उलटी करून सगळ्यांसमोर ठेवली आणि म्हणालो, गुंडू चोर नाही, कधीच नव्हता. माझा संशय खोटा होता आणि मी तो सगळ्यांच्या कानात घातला. एक म्हातारा म्हणाला, "मग चोर कोण?" मी म्हणालो, कुणीच नाही. त्याला ते पटलं नाही. लोकांना चोर लागतो, हे मी नाक्यावर शिकलो नाही, इथं शिकलो.

दसऱ्याच्या फेरीत गाडी नेली नाही. मन झालं नाही.

सोबत कागद जोडला आहे. माझ्या हातचा, माझ्या सहीचा, खाली आण्णा मिस्त्री आणि संयोगिता साक्षीदार म्हणून. मजकूर एवढाच, की सीट आमच्या वडिलांनी त्यांच्या लेकीला आंदण दिली, ती गुंडूनं चोरली असं मी अठ्ठेचाळीस वर्षं सांगत आलो ते साफ खोटं, आणि वडिलांच्या मयताला मी गुंडूला अडवलं तो माझा अपराध. याची कार्बन प्रत ठेवलेली नाही.

दाजींना वाचून दाखव. ते म्हणतील तेव्हा मी येईन आणि म्हणतील तितक्या माणसांत हेच बोलेन. त्यांनी मला माफ करावं.

विजू


गगनबावडा
१३ ऑक्टोबर

चि. विजू,

कागद यांना वाचून दाखवला. पूर्ण ऐकला. मग चष्मा मागितला आणि स्वतः वाचला, साक्षीदारांच्या सह्यांपर्यंत. मला वाटलं आता रडतील, नाहीतर तुला एखादी शिवी तरी हासडतील. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "आई जाऊन एकवीस वर्षं झाली."

हे मी तुला आधी लिहिलं नव्हतं. लिहायची हिंमत नव्हती. माझ्या सासूबाई त्या सीटवर एकदाही बसल्या नाहीत. रोपावरून आल्या तेव्हा सीट पडवीत होती, त्यांना वाटलं माझ्या माहेरचं काही असेल. चार दिवसांनी तुझी आरोळी आली. त्यांनी लेकाला समोर उभं करून विचारलं, "कुटनं आणलीस?" यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. तात्यांचा शब्द होता. हे गप्प राहिले.

त्यानंतर सत्तावीस वर्षं ती बाई उंबऱ्याजवळ, ओल्या जमिनीवर पोतं टाकून बसली. गुडघे धरले, कंबर वाकली, तरी. मी किती वेळा हाताला धरून उठवायला गेले. म्हणायच्या, "चोरीच्या वस्तूला माझी पाठ लागायची न्हाय." शेवटच्या दुखण्यात लेकाच्या हातून पाणी घेतलं, पण त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही. तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं. तात्या जाऊनही तेव्हा पंधरा वर्षं झाली होती, कुणाची शपथ मोडणार होती? तरी सांगितलं नाही. मेलेल्या बापाला जपलं आणि जिवंत माणसाला जाळलं. तू ओरडलास आणि मी गप्प बसले. आपल्या दोघांत जास्त कोण चुकलं ते मला ठरवता येत नाही.

माफ केलं असं हे म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. काल सकाळी दम जरा कमी होता तेव्हा तुझ्यासाठी निरोप सांगितला, तो जसाच्या तसा लिहिते.

"विजयसिंहाला म्हणावं, ये. चार माणसं नगंत आता, एकटा ये. सीटवर बसू नगो. आई बसायची तितं खाली बस, आन् त्यो कागद मोठ्यानं वाच. तिला जरा कमी ऐकू यायचं."

तुझी आक्का,
अंबू